फारोने विचारलेला प्रश्न



आज जुलै महिन्याचा चौथा रविवार. पवित्र मरियेचे आईवडील, म्हणजेच प्रभू येशूचे आजी-आजोबा, संत योआकिम आणि संत अन्ना यांचा सण २६ जुलैला येतो. त्याला धरून पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून हा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धजनांसाठी नेमून दिला. दुसऱ्या मिस्साला आपण ज्येष्ठांना पुढच्या बाकांवर बसवतो, लहान मुले त्यांच्या हातात एकेक गुलाब देतात, फोटो निघतात, चहा होतो. चांगलीच गोष्ट आहे. पण गुलाब देणारी मुले बहुधा दुसऱ्या कोणाची तरी असतात. त्या आजी-आजोबांची स्वतःची नातवंडे त्या वेळी टोरंटोत झोपलेली असतात, नाहीतर मेलबर्नला दुपारच्या जेवणाला बसलेली असतात.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या भाविकांसाठी ख्रिस्तशरीर घेऊन घरोघरी जातो. प्रार्थना आटोपली की कोणीतरी खुर्ची ओढून देते, लिंबू सरबताचा पेला पुढे येतो आणि मग एक प्रश्न येतो. पूर्वी तो वर्षातून एकदा-दोनदा यायचा, आता एका फेरीत दोन-तीनदा येतो : “फादर, पोरगा बोलावतो आहे. जाऊ की राहू?”

चार महिन्यांसाठी फिरून येण्याबद्दल हे विचारणे नसते. निवृत्तीनंतरचे सारे आयुष्य कुठे काढायचे, घराला कुलूप लावायचे की घर विकायचे, डोळे कुठे मिटायचे, एवढे सगळे त्या चार शब्दांत असते.

गेल्या महिन्यात हा प्रश्न एका जोडप्याने विचारला. त्यांच्या परवानगीने इथे लिहीत आहोत. नाव सांगत नाही. वेदीवरच्या चाफ्यावरून ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच. हे गृहस्थ चौतीस वर्षे रेल्वेच्या नोकरीत होते. पहाटेच्या गाडीने जायचे, रात्री परतायचे आणि सुट्टीचा दिवस घरामागच्या दहा गुंठ्यांत घालवायचे. निवृत्त झाल्यापासून ते पूर्ण वेळ त्या वाडीतच असतात. विहीर आहे, केळी आहेत, दुधी-शिराळ्याचा मांडव आहे, थोडा कागडा, थोडा मोगरा आणि कुंपणाच्या कडेने सोनचाफा. चाफ्याची कलमे ते स्वतः बांधतात. आजवर एकही विकलेले नाही. कोणाचे लग्न झाले, कोणाचे घर बांधून झाले, की यांच्याकडून एक कलम गेलेच. शनिवारी संध्याकाळी टोपलीभर फुले आपल्या वेदीसाठी येतात.

त्यांच्या पत्नीचाही छंद आहे. त्या क्रोशाने लेस विणतात. वेदीवरच्या तीन वस्त्रांची किनार त्यांच्या हातची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. एक सुई, दोऱ्याची गुंडी आणि चष्मा. त्यांचा छंद हातातल्या पिशवीत मावतो. यजमानांचा मात्र दहा गुंठ्यांत.

मुलगा कॅनडात आहे. एक नातू चार वर्षांचा, दुसरे बाळ नोव्हेंबरात होणार. बाईंना जायचे आहे. त्या म्हणाल्या, “एक नातू मी मोबाईलवरच वाढताना पाहिला, दुसराही तसाच पाहू का?” यजमान म्हणाले, “मी तिकडे सकाळी उठून करू काय?” त्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, “फादर, ह्यांना झाडं प्यारी, नातवंडं नाहीत.” ते काही बोलले नाहीत. उठले आणि पाण्याचा पंप लावायला मागे निघून गेले. मुलाचे म्हणणे असे, की घर बंद ठेवून वाळवी लागण्यापेक्षा गिऱ्हाईक आहे तोवर विकून मोकळे व्हावे.

आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. पूर्वी दोनदा घाईने दिले होते आणि दोन्ही वेळा चुकलो होतो.

पहिल्या वेळी विचारणाऱ्या होत्या एक विधवा भगिनी. चाळीस वर्षे त्या आपल्या गायकवृंदात गात होत्या. आम्ही म्हटले, मुलगा बोलावतो हे भाग्य समजा, एकट्या राहू नका, जा. त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुलगा-सून सकाळी सातला घर सोडत, नात शाळेत. चर्च गाडीने वीस मिनिटांवर, त्यामुळे रविवारी मुलाला सुट्टी असेल तरच मिस्सा. तिथल्या गायकवृंदाने यांना विचारले नाही आणि यांनीही संकोचाने सांगितले नाही. एकदा फोनवर म्हणाल्या, “फादर, इथं सगळं आहे. फक्त माझा आवाज मला ऐकू येत नाही.” सव्वा वर्षाने त्या परत आल्या तेव्हा घर विकलेले होते. आता बहिणीकडे राहतात. मुलगा वाईट नव्हता, सून तर फार मायाळू. चूक आमची होती. त्या काय सोडून चालल्या आहेत, हे आम्ही विचारलेच नव्हते.

त्या अनुभवाने पोळलेल्या आम्ही पुढच्या वेळी उलटे सांगितले. एक विधुर गृहस्थ व्हायोलिन वाजवीत. आम्ही म्हटले, तुमचे सोबती इथे, तुमचे वाजवणे इथे, कशाला जाता? ते राहिले. पावसाळ्यातल्या एका रात्री मोरीत पाय घसरून पडले, खुबा मोडला. रात्री दोनपासून पहाटे सहाला पाववाल्याने हाक मारीपर्यंत ते तिथेच होते. बोटांवर जपमाळ म्हणत होते, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. व्हायोलिनने त्यांना उचलले नाही.

म्हणून या वेळी आम्ही पवित्र शास्त्र उघडून बसलो. म्हातारपणी परदेशी जाण्याचा प्रश्न आपल्याच पिढीत निर्माण झाला असे आपल्याला वाटते. उत्पत्तीच्या पुस्तकाचा ४५ वा अध्याय आणि त्यापुढचे अध्याय एकदा या नजरेने वाचून पाहा.

मुलगा परदेशात मोठ्या हुद्द्यावर. त्याला मेलेला समजून बापाने किती वर्षे शोक केलेला. अचानक निरोप येतो की तो जिवंत आहे आणि बोलावतो आहे. फारो राजाने गाड्या पाठवल्या आहेत. आजच्या भाषेत तिकीट आणि व्हिसा घरपोच. शिवाय राजाचा निरोप असा, की तुमच्या सामानसुमानाची फिकीर करू नका, मिसर देशातले उत्तम ते सर्व तुमचेच आहे. आपली मुलेही फोनवर हेच सांगतात ना? “काही आणू नका बाबा, इथं सगळं मिळतं.” पण याकोबाच्या घरच्यांनी आपली गुरेढोरे आणि कनानात मिळवलेले सारे बरोबर घेतले. राजाने नको म्हटले तरी घेतले. म्हातारा गुराखी गुरांशिवाय गेला नाही.

आणि तोही भीत होता. देशाच्या दक्षिण सीमेवर बैर-शेबा येथे याकोब थांबला. आपल्या बापाच्या, इसहाकाच्या, देवाला त्याने तिथे बलिदान केले. रात्री देवाने त्याला दर्शन दिले आणि खाली मिसरात जायला भिऊ नकोस असे सांगितले. देव त्याच्या भीतीवर रागावला नाही. मी तुझ्याबरोबर येतो, योसेफ आपल्या हाताने तुझे डोळे मिटील, एवढेच आश्वासन त्याने दिले. घरच्या जपमाळेच्या वेळी ज्यांचा आवाज व्हिसाच्या अर्जाचा विषय निघताच बसतो, त्यांनी बैर-शेबाची ही रात्र जरूर वाचावी.

आता खरी गोष्ट. योसेफ हुशार मुलगा होता. बाप आणि भाऊ कुठे राहतील, यावर त्याचा विचार थांबला नाही. ते तिथे काय करतील हेही त्याने आधीच ठरवून ठेवले होते. मिसरी लोकांना मेंढपाळांचा तिटकारा होता, असे शास्त्रातच म्हटले आहे. राज्याचा कारभार पाहणाऱ्या माणसाला आपले घरचे लोक मेंढपाळ आहेत हे सांगायला लाज वाटली असती तर आपण समजू शकलो असतो. योसेफाने उलट त्यांना बजावले, की फारो तुमचा धंदा विचारील, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या आम्ही गुरे राखणारे आहोत असे स्पष्ट सांगा. आणि फारोने खरोखरच तोच प्रश्न विचारला. मिळकत नाही, आजार नाही. तुम्ही काय काम करता, हे विचारले. त्यांनी खरे उत्तर दिले म्हणून त्यांना गोशेन मिळाला, मिसरातला कुरणांचा प्रदेश. इतकेच नव्हे, तुमच्यात कोणी कर्तबगार असतील तर माझीही गुरे त्यांच्याकडे सोपवा, असे राजा म्हणाला.

त्या दरबारात आणखी एक गोष्ट घडली. एकशे तीस वर्षांच्या याकोबाने फारोला आशीर्वाद दिला. येताना दिला आणि जातानाही दिला. पाहुणा म्हणून आलेला, दुष्काळात अन्नाला महाग झालेला परदेशी म्हातारा त्या काळच्या बलाढ्य राजाला आशीर्वाद देतो. ज्याच्या हाताला काम राहिले, त्याचा हात असा वर उचलला जातो. पुढे तो मिसरात सतरा वर्षे जगला. भावांनी विकले तेव्हा योसेफही सतरा वर्षांचाच होता. जितकी वर्षे मुलगा बापाजवळ वाढला, तितकीच वर्षे शेवटी बाप मुलाजवळ राहिला. मिसरात जन्मलेल्या दोन नातवांच्या डोक्यांवर त्याने हात ठेवले. तरीही पुरायचे मात्र कनानातच, मकपेलाच्या गुहेत, अशी शपथ त्याने मुलाकडून घेतली होती. सुखाने परदेशी राहिलेल्या माणसालाही माती आपलीच हवी होती. यात आम्हाला काही विसंगती दिसत नाही.

मग जाणेच बरे, असे कोणी म्हणेल. त्याने शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचावा. तिथे बर्जिल्लय नावाचा ऐंशी वर्षांचा गिलादी म्हातारा भेटतो. अबशालोमाने बंड केले, दावीद राजा जीव घेऊन यार्देनपलीकडे पळाला, तेव्हा राजाला आणि त्याच्या माणसांना ज्यांनी पोसले त्यांत हा एक होता. काय काय आणले याची यादी १७ व्या अध्यायात आहे : गहू, जव, पीठ, हुरडा, शेंगांचे दाणे, मसूर, मध, दही. यादी वाचताना आपल्या वाड्यांची आठवण येते. बंड मोडल्यावर राजा त्याला म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमला चल, तुझे सगळे मी पाहीन. यापेक्षा मोठे बोलावणे कोणाला येणार? पण म्हातारा म्हणतो की मी आता ऐंशीचा झालो, तिथल्या पक्वान्नांची चव मला कळायची नाही, गाणारांचे गाणे ऐकू यायचे नाही, तुम्हाला माझा भार कशाला? मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरीजवळ मरू द्या. माझ्याऐवजी या किम्हामला न्या.

त्याच्या नकारात कडवटपणा नाही. राजाला सोडायला तो नदीपर्यंत जातो, यार्देन उतरतो, राजा त्याचे चुंबन घेतो, आशीर्वाद देतो आणि म्हातारा आपल्या घरी परततो. राजाही रागावत नाही. “मग बसा तिथेच, पुन्हा मला बोलावू नका,” असे राजा म्हणत नाही. हे वाक्य आम्ही एका मुलाच्या तोंडून, फोन स्पीकरवर असताना, या कानांनी ऐकले आहे.

म्हणजे एक गेला आणि एक राहिला, आणि देवाने दोघांनाही दोष दिला नाही. दोघांमधले साम्य एवढेच, की आपण काय आहोत हे दोघांनाही ठाऊक होते आणि ते त्यांना बोलता आले. याकोबाच्या मुलांनी सांगितले, आम्ही गुराखी आहोत. बर्जिल्लय म्हणाला, मी या मातीतला आहे. आपल्या ज्येष्ठांना असे बोलू दिले जाते का? आपण त्यांना विचारतो : पेन्शन किती, शुगर किती, पासपोर्टची मुदत कधी संपते? फारोने जे विचारले ते विचारत नाही. रेल्वेतल्या त्या गृहस्थांनी स्वतःच ते विचारले होते : मी तिकडे सकाळी उठून करू काय? आम्ही मात्र त्या वाक्याला हट्ट समजलो, त्यांच्या पत्नीने तर नातवंडांवरचा राग समजला.

छंद या शब्दाने आपण फसतो. छंद म्हणजे वेळ घालवण्याची युक्ती, पोराबाळांच्या प्रेमापुढे क्षुल्लक, असे आपण धरून चालतो. पण देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि हे पापापूर्वीचे आहे. घाम गाळण्याची शिक्षा नंतर आली. पुनरुत्थित प्रभू मरिया मग्दालियेला प्रथम दिसला तेव्हा तिला तो माळी वाटला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांचेच पाहा. पोप होण्यापूर्वीच निवृत्त व्हावे आणि पुस्तके लिहीत बसावे अशी त्यांची इच्छा होती. पण २००५ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते पोप झाले. २०१३ साली पायउतार झाल्यावर ते मायदेशी, जर्मनीला गेले नाहीत. व्हॅटिकनच्या बागेतल्या एका मठात राहिले. पियानो त्यांच्या सोबतीला होता. संगीत हा या भावाभावांचा लहानपणापासूनचा ध्यास. वडील बंधू जॉर्ज हे तर रेगेन्सबुर्गच्या गायकवृंदाचे संचालक. २०२० च्या जूनमध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, बेनेडिक्ट त्या आजारी भावाला भेटायला जर्मनीला जाऊन आले, आणि पुढच्याच महिन्यात भाऊ वारला. मायदेश, भाऊ, पियानो आणि कर्तव्य यांची वाटणी त्यांनाही सोपी गेली नसेल.

आता थोडे व्यवहाराचे, कारण नुसत्या उपदेशाने तिकीट निघत नाही. कॅनडात आईवडिलांसाठी ‘सुपर व्हिसा’ नावाची सोय २०११ च्या डिसेंबरात सुरू झाली. २०२२ च्या जुलैपासून तिच्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. पण तो कायम वास्तव्याचा परवाना नव्हे, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलर संरक्षणाचा आरोग्य विमा स्वतःच्या खर्चाने काढावा लागतो. उतारवयात हा हप्ता जड असतो. तो कोण भरणार हे जाण्यापूर्वी बोलून घ्यावे, गेल्यावर नव्हे. आपल्या रेल्वेवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याचीही व्यवस्था पाहावी. (हयातीचा दाखला नोव्हेंबरातच का, असे एका आजोबांनी आम्हाला विचारले होते, मृतांच्या महिन्यात सरकार खात्री करून घेते, असे त्यांचेच उत्तर होते.) आणि माळ्यांसाठी : माती विमानातून नेता येत नाही, मातीसकट रोपही नेता येत नाही, बियाण्यांनाही नियम आहेत. टोरंटोच्या बाजूला मे महिना निम्मा सरेपर्यंत नाजूक रोप बाहेर लावता येत नाही आणि ऑक्टोबरात पुन्हा गोठायला लागते. म्हणजे बागेला पाच महिने. कढीपत्ता आणि मोगरा कुंडीत लावून थंडीत घरात घ्यावे लागतात. पण तिथल्या अनेक शहरांत नगरपालिका रहिवाशांना भाजीपाल्यासाठी छोटे वाफे देतात, हेही खरे. वडिलांसाठी खोली सजवण्याआधी मुलाने अशा वाफ्यासाठी नाव नोंदवले, तर तो योसेफाचा भाऊ शोभेल.

राहणाऱ्यांच्या बाबतीत जबाबदारी आपल्या सर्वांची आहे, आणि इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल. बर्जिल्लय आपल्या गावी परतला तेव्हा गाव होते. आपल्या आळीत आज किती घरांत फक्त दोन माणसे आहेत, किती घरांत एकच? सकाळी त्यांचे दार उघडले की नाही, हे पाववाल्याशिवाय कोणाला कळते? शिवाय ज्येष्ठांच्या हातातली कामे आपणच एकेक करून काढून घेतली. कीबोर्ड आला तेव्हा व्हायोलिनवाल्यांना आपण ‘थोडी विश्रांती घ्या’ म्हटले. सणाच्या सजावटीचे कंत्राट बाहेर दिले, तेव्हा टोपलीभर चाफा बाजूच्या लहान वेदीवर गेला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हाकेसरशी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या वाड्या राखायला आपण त्यांना काय मदत केली? ज्याला इथेही कोणी काम विचारत नाही, त्याने इथेच का राहावे?

मुलांना एकच विनंती. चौथी आज्ञा मातापित्यांचा मान राखायला सांगते. त्यांना जवळ ठेवणे हा मान राखण्याचा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. प्रभूने क्रुसावरून आपली आई योहानाकडे सोपवली आणि त्याने तिला आपल्या घरी नेले. पण सोपवताना प्रभूने दोघांनाही सांगितले, आईलाही आणि शिष्यालाही. आईला न विचारता तिची सोय लावली असे झाले नाही.

या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. उत्तर घेऊन गेलो नव्हतो, फारोचा प्रश्न घेऊन गेलो होतो. आधी बाईंना विचारला. त्या लेस विणायच्या थांबल्या. म्हणाल्या, “मला कोणी कधी विचारलं नाही. मला बाळाला न्हाऊ घालायचं आहे. तेवढं एक काम मला येतं आणि माझ्या सुनेला तिथं ते करणारं कोणी नाही.” मग यजमानांना विचारायचे, तर ते आम्हाला मागे वाडीत घेऊन गेले आणि चाफ्याजवळ उभे राहिले.

भेट कलम कसे बांधतात ते त्यांनी दाखवले. पिशवीतले खुंटाचे रोप मोठ्या झाडाच्या फांदीजवळ उंचीवर बांधायचे. दोघांचीही साल थोडी तासायची, जखमेला जखम लावायची आणि पट्टीने घट्ट गुंडाळायचे. दोन-अडीच महिने फांदी आईच्या झाडावरच असते, तिथलाच रस पिते आणि हळूहळू खुंटालाही धरते. धरली याची खात्री पटली की मगच तिला खालून कापायचे, तेही एकदम नाही, आधी अर्धा काप. “घाई केली तर फांदी दोन्हीकडून जाते,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “पोराला सांगा, मला एकदम कापू नको.”

मुलाशी त्याच रात्री बोलणे झाले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाही.” बाबा म्हणाले, “तू विचारलं नाहीस.” बाई पलीकडून म्हणाल्या, “दोघेही सारखेच.”

ठरले ते असे. बाई ऑक्टोबरात भाचीबरोबर पुढे जातील. यजमान थंडी इथेच काढतील आणि एप्रिलच्या अखेरीस जातील. मुलाने त्यांच्यासाठी नगरपालिकेच्या वाफ्याला अर्ज केला आहे, मिळाला नाही तर घरामागे दोन फळ्यांचा वाफा करणार आहे. पुढच्या ऑक्टोबरात दोघे परत येतील, २ नोव्हेंबरला आईबापांच्या कबरीवर मेणबत्ती लावतील आणि मग पुन्हा विचार करतील. घर विकायचे नाही, निदान तोवर. बाई पूर्ण खूश नाहीत. बेचाळीस वर्षांच्या संसारात सहा महिने वेगळे राहण्याची ही पहिलीच वेळ आहे आणि ह्यांना चहासुद्धा नीट करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. यजमानांचे म्हणणे, चहा येतो, साखर किती ते कळत नाही. पुढच्या वर्षी काय होईल ते आम्हालाही ठाऊक नाही. नातवंडे मनाला धरतील, गुडघे साथ देणार नाहीत, कदाचित घरही विकले जाईल. याकोबाला बैर-शेबात पुढची सतरा वर्षे दिसली नव्हती.

त्यांच्या आळीतल्या चार घरांनी ऑक्टोबरपासून आळीपाळीने सकाळी सातला हाक मारण्याचे आणि रात्रीचे जेवण पोचवण्याचे कबूल केले आहे. आपल्या धर्मग्रामात अशी एकटी राहणारी आणखी किती माणसे आहेत, याची यादी प्रत्येक आळीच्या प्रमुखाने ऑगस्टच्या पहिल्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावी. यादीत आजार आणि औषधे लिहाच, पण त्यासोबत त्या व्यक्तीला काय करता येते आणि काय करायला आवडते, हेही विचारून लिहा. व्हायोलिन वाजवणारे ते गृहस्थ आता काठीने चालतात. आज दुसऱ्या मिस्साला अर्पणविधीच्या वेळी ते वाजवणार आहेत. कीबोर्ड त्या वेळी बंद राहील, गायकवृंदाशी बोलणे झाले आहे.

यजमान नसताना वाडी कोण पाहणार, हा प्रश्न शिल्लक आहे. त्यासाठी त्यांनी येत्या शनिवारी दुपारी चार वाजता तरुण मुलामुलींना आपल्या वाडीत कलम बांधायला शिकवण्याचे ठरवले आहे. पाऊस असला तरी यावे. पट्टी आणि खुंटाची रोपे तिथे मिळतील, चाकू प्रत्येकाने आपला आणावा. तो धारदार असावा, बोथट चाकूने साल चिरडते, असे त्यांनी मुद्दाम कळवले आहे.